चौथ्या दिवशी सोडलेला स्प्रे

गडहिंग्लजच्या बाजार समितीत संकेश्वरी मिरचीचे सौदे सुरू झाले की तिथून जाणारा शिंकतोच. पण ती शिंक घरी पोचेपर्यंत विरते. 12 आठवडे उलटले तरी नाक चोंदलेलं, वास येईना, घशात कफ उतरतोय, तर डॉक्टर त्याला जुनाट सायनस म्हणतात. (आपलं मात्र कपाळ दुखलं की सायनसच, बरेचदा ती अर्धशिशी निघते.) उपचार दिसायला अगदीच साधा: उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं आणि स्टेरॉइडचा स्प्रे मारायचा. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, टोक मधल्या पडद्याकडे नव्हे, कानाच्या बाजूला. गुण यायला काही आठवडे लागतात. आमची मंडळी चौथ्या दिवशीच स्प्रे सोडतात आणि नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब आणतात. ते आठवडाभराहून जास्त घातले की नाक उलट जास्तच चोंदतं. नीट धुऊन आणि स्प्रे मारूनही भागलं नाही तर सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून ऑपरेशन. नाकात वाढलेलं मांस काढलं तरी पुन्हा वाढू शकतं, म्हणून ऑपरेशननंतरही धुणं आणि स्प्रे चालूच ठेवावा लागतो.