एक खोली आणि एक वाइस

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. त्यात माझा एक अर्ज होता. पार्किंगशेजारी एक खोली चार वर्षं रिकामी पडून आहे (रिकामी म्हणजे मोडक्या खुर्च्या आणि एक जुनं गणपतीचं मखर). ती द्या, मी एक दणकट टेबल, एक वाइस आणि थोडी हत्यारं आणतो, आपल्याकडच्या निवृत्त मंडळींना सकाळी दोन तास काहीतरी ठोकठाक करू दे.

चार मिनिटांत निकाल लागला. आवाज होईल, कुणाचं बोट कापलं तर जबाबदार कोण, वगैरे. हे मी समजू शकतो. पण माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच आयटीतला एक जण म्हणाला, "अरे, पाचशे रुपयांत सुतार येतो की! काकांना कशाला कामाला लावतोस?" आणि सगळे हसले.

माझं भांडण त्या हसण्याशी आहे.

त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल. २०१८ साली मी मेलबर्नला होतो. आई गेल्यावर बाबांना सहा महिन्यांसाठी तिकडे नेलं. बाबा म्हणजे भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर. तिथे त्यांचा दिवस सोफ्यावर सुरू व्हायचा आणि सोफ्यावरच संपायचा. हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. "तुमचं लक्षच नसतं" म्हणून मी दोनदा चक्क ओरडलो त्यांच्यावर.

घरापासून दहा मिनिटांवर 'मेन्स शेड' अशी पाटी होती. ही खास ऑस्ट्रेलियन भानगड आहे. तिकडे घरामागच्या शेडमध्ये काहीबाही दुरुस्त करत बसणं हा पुरुषांचा जुना छंद. ती शेड घरामागून उचलून गावात आणली, सगळ्यांची केली, की झाली मेन्स शेड. या नावाची पहिली शेड १९९८ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला नावाच्या छोट्या गावात सुरू झाली. २००७ मध्ये त्यांची देशपातळीवरची संघटना झाली, २०१० च्या पुरुष-आरोग्य धोरणात सरकारने शेडना मदत देऊ केली. आज त्या देशात हजारावर शेड आहेत. आयर्लंड आणि ब्रिटननेही ही कल्पना उचलली. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, हे त्यांचं ब्रीद.

बाबा पहिल्या दिवशी दारातच उभे राहिले. इंग्रजीचा प्रश्न. तिसऱ्या खेपेला एक म्हातारा लेथशी झटापट करत होता, ते बाबांना बघवेना. त्यांनी त्याला हाताने बाजूला केलं आणि टूल नीट बसवून दिलं. म्हातारा इंचाच्या आठव्या भागात मोजत होता आणि बाबा सुतात. दोन्ही देश मेट्रिक होऊन जमाना झाला, पण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भागच की! जमलं. पुढे दोघांनी मिळून एका बालवाडीसाठी लाकडी गाड्या केल्या.

महिन्याभराने तो म्हातारा मला फाटकात गाठून म्हणाला, "तुझ्या वडिलांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. डॉक्टरला दाखवलंस का?"

मला माहीतच नव्हतं. कारखान्यातल्या आवाजाने गेलेला कान, आणि मी त्यावर 'लक्ष नसतं' असं लेबल लावून मोकळा. मोडक्या इंग्रजीत जे त्या परक्या माणसाला सांगता आलं, ते मराठीत मुलाला सांगता आलं नव्हतं. असो.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे कट्टे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हास्यक्लब तर १९९५ साली मुंबईतच सुरू झाला आणि जगभर गेला. सगळं मान्य. पण कट्ट्यावर टिकतो कोण? ज्याला बोलता येतं तो. राजकारणावर तावातावाने भांडणारा, विनोद सांगणारा. ज्याचं आयुष्य हातांनी बोलण्यात गेलं, त्याने तिथे काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?

दुसरा प्रश्न, बायकांचं काय? रास्त आहे. तिकडेही बऱ्याच शेडनी बायकांना दार उघडलंय. आपण पहिल्या दिवसापासून उघडू, नावातून 'मेन्स' काढून टाकू. माझी हरकत नाही.

आणि बोट कापण्याचं म्हणाल, तर तिथे सुरक्षेचे धडे घेतल्याशिवाय मशीनला हात लावू देत नाहीत. चौतीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसालाही ते धडे घ्यावे लागले. जबाबदारीचं उत्तर कुलूप नसतं, नियम असतात.

खरी अडचण वेगळीच आहे. पाचशे रुपयांत सुतार येतो, हे वाक्य आपण कौतुकाने बोलतो. हाताने काम करणारा माणूस आपल्याकडे बोलवायचा असतो, आपण तो व्हायचं नसतं. याची मुळं जातीत आहेत, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. मग त्याच कामातून वर आलेले आपले बाप निवृत्त झाले, की आपण त्यांना स्वच्छ करून सोफ्यावर बसवतो आणि त्याला 'आराम' म्हणतो. ज्या हातांनी आपली इंजिनिअरिंगची फी भरली, त्या हातांची आपल्याला लाज वाटते. पटत नसेल तर हसू आलं का नाही ते आठवा.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांपुरतं नाहीये. आपणही तिशी-चाळिशीतले लोक ऑफिस सोडून कुठे कुणाच्या शेजारी तासभर उभे असतो? ग्रुपवर अंगठा दाखवतो, झालं.

बाबांची कानस, व्हर्निअर आणि दोन पटाश्या सध्या बाल्कनीतल्या पेटीत आहेत. पुढच्या सभेत मी तोच अर्ज परत देणार आहे. तुमच्या सोसायटीतही एक खोली मखराला दिलेली असणार. बघा, मागता येते का.