अंथरुणावरची माणसं आणि ओलीनं सोललेली कातडी

रस्ता, पाणी, गटार यावर आपण इथे रोज भांडतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या जांघा-कुल्ल्यांच्या कातडीवर मात्र कुणी बोलत नाही. लाज वाटते. म्हणून आज मुद्दाम लिहितोय.

लकवा असो, खुब्याचं हाड मोडलेलं असो, लघवी-संडास जागेवरच. डायपर आले, सोय झाली. पण ओल कातडीला लागून राहते. लघवीपासून अमोनिया तयार होतो, संडासातले पाचक रस कातडी अक्षरशः खातात. त्यात आपण साबणानं खसाखसा घासतो. मग जागा लालभडक होते, सोलते. पाणी लागलं तरी माणूस कळवळतो.

याला सरसकट ‘बेडसोअर’ म्हणतात. तसं नाही! बेडसोअर दाबामुळे, हाडाच्या उंचवट्यावर होतो: माकडहाड, टाच. ओलीची जखम पसरट असते, कातडीच्या घड्यांत होते. कधी दोन्ही एकत्र असतात. दाबावर उपाय कूस बदलणं. ओलीवर उपाय लगेच हलक्या हातानं पुसणं, टिपून कोरडं करणं आणि कातडीला आडोसा देणं.

हा आडोसा म्हणजे द्रवरूप बॅरियर फिल्म. स्प्रेनं किंवा बोळ्यानं लावायची. थोड्या वेळात सुकून पारदर्शक पापुद्रा तयार होतो. बिनअल्कोहोलची घेतली तर सोललेल्या जागीही झोंबत नाही. काही प्रकार दोन-तीन दिवस टिकतात, त्यामुळे दर वेळी घासून काढायला नको, आणि खालची कातडी दिसत राहते. जाड मलम डायपरला चिकटलं की डायपर ओल शोषत नाही, तो त्रासही वाचतो. मात्र जंतुसंसर्ग यानं बरा होत नाही. कडेनं बारीक पुटकुळ्या, पू किंवा ताप दिसला तर डॉक्टरच.

आता खरा मुद्दा. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, उपशामक सेवेचा २०१२ पासून. आमच्या आत्या आठ महिने अंथरुणावर होत्या. सरकारी दवाखान्यात विचारलं तर उत्तर एकच, “बाहेरून आणा.” मेडिकलवाल्यानं नावही ऐकलं नव्हतं.

कुणी म्हणेल, हे महागडे चोचले. मान्य, फिल्म स्वस्त नाही. प्रत्येकाला ती लागतेही असं नाही. सुरुवातीच्या लालीला झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थरही चालतो. पण जखम चिघळून माणूस भरती झाला तर तो खर्च कुणाचा? आणि रात्रभर जागणारी सून किंवा मुलगी, तिचा हिशेब कोण ठेवतं?

मागणी छोटी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात झिंकचं मलम कायम असावं, सोललेल्या रुग्णांसाठी थोडी फिल्म असावी, आणि आशाताईंना ही जखम ओळखायला शिकवावं. घरच्यांना अर्धा तास दाखवलं तरी पुष्कळ.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी यावं. लाजायचं काय त्यात?