पगार गुरुजींचा, होकार कोणाचा?

गुरुजींचा पगार वाढल्याची बातमी आली की गावच्या पारावर दोन बोलणी हमखास ऐकू येतात. ‘त्यांचे काय, सरकारचे जावई!’ हे एक. ‘वाढेना का, आमच्या पोरांना नीट शिकवले म्हणजे झाले,’ हे दुसरे. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ही वाढ ज्यांच्यासाठी झाली, त्या गुरुजींना ती मान्य आहे काय, हे त्यांना कोणी विचारले होते का?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात जानेवारी २०१९ मध्ये तीस हजारांहून अधिक शिक्षक संपावर गेले. शाळेचे सहा दिवस संप चालला. शेवटी करार झाला, पण पुढाऱ्यांनी सही केली आणि संप मिटला, असे झाले नाही. करार सभासदांपुढे मतदानाला ठेवला गेला आणि ८१ टक्क्यांनी होकार दिला. गंमत अशी की, सहा टक्के पगारवाढ शाळा मंडळ संपापूर्वीच द्यायला तयार होते. शिक्षकांनी संपातून मिळवले ते वेगळेच. वर्गातील मुलांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करणे, प्रत्येक शाळेत आठवड्याचे पाचही दिवस परिचारिका, आणि ग्रंथपाल. जुन्या करारात एक कलम असे होते की, त्याच्या आधारे मंडळाला पटसंख्येची मर्यादा बाजूला सारता येत असे. ते कलमही रद्द झाले. पगाराच्या कागदावर मुलांचेही हित लिहिलेले असते, ते असे.

तिथेही सारे आलबेल नव्हते. ज्या दिवशी करार जाहीर झाला, त्याच दिवशी मतदान उरकले. एवढा मोठा मसुदा काही तासांत वाचायचा कसा, अशी तक्रार सभासदांनी केलीच. मतपेटी ठेवली म्हणजे लोकशाही झाली असे नव्हे. आधी कागद हातात पडला पाहिजे आणि तो वाचायला सवड मिळाली पाहिजे.

इंग्लंडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. एप्रिल २०२३ मध्ये तेथील राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या सभासदांनी सरकारचा देकार ९८ टक्के मतांनी धुडकावून लावला. जुलैमध्ये सरकार साडेसहा टक्क्यांवर आले, तेव्हा ८६ टक्क्यांनी तो स्वीकारला. सभासदांच्या ‘नाही’ने पुढाऱ्यांचे हात बळकट झाले, दुबळे नव्हे.

आता आपल्याकडे पाहू. १ मार्च २०२३ रोजी कर्नाटकातील सरकारी नोकर व शिक्षक बेमुदत संपावर गेले. ‘बेमुदत’ संप त्याच दिवशी मिटला. मागणी ४० टक्क्यांची आणि जुन्या पेन्शनची होती. पदरात पडली १७ टक्के अंतरिम वाढ. पुढे सातव्या राज्य वेतन आयोगाची २७.५ टक्के वाढ १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली. किमान मूळ वेतन १७ हजारांवरून २७ हजार झाले. वाढ चांगलीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण संप मागे घेताना गावोगावच्या शिक्षकांचे मत घेऊन निर्णय झाला काय? त्याच मार्चमध्ये महाराष्ट्रातील संपही सातव्या दिवशी पुढाऱ्यांच्या चर्चेनंतरच मिटला. आपल्याकडे ‘पदरी पडले पवित्र झाले’ हाच करार आणि पुढारी म्हणतील ती पूर्व दिशा.

कोणी म्हणेल, आपल्याकडे आयोग शिफारस करतो आणि सरकार हुकूम काढते, तेथे मतदानाचा प्रश्न येतोच कोठे? कायदा मतदान सांगत नाही हे खरे. पण संप पुकारणे आणि मागे घेणे हे तर संघटनेच्या हातात आहे ना? वर्गणी घेताना सभासद आठवतो, मग तह करताना तो का विसरावा?

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मराठी शाळेतल्या गुरुजींच्या हाती येणारा सुत्तोले कन्नडमध्ये असतो. त्यांना कन्नड येते, नोकरीसाठी यावेच लागते. पण रोजचा व्यवहार वेगळा आणि वेतननिश्चितीची कलमे, पोटकलमे वेगळी. ती वाचताना पुष्कळ जण शेजारच्याला विचारतात आणि तो सांगेल ते खरे धरून सही करतात. वास्तविक, ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के असतील, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या मान्य संरक्षणांतच आहे. ते सरकारकडे मागायचेच. पण शिक्षक संघटनांना आपल्या सभासदांसाठी दोन पानी मराठी गोषवारा काढायला कोणाची परवानगी हवी?

आणि अतिथी शिक्षक? कायमची जागा रिकामी असलेल्या वर्गात जे फळ्यापुढे उभे असतात, त्यांना ना आयोग लागू, ना वेतनश्रेणी. आपल्या पोरांचा वर्ग मात्र त्यांच्याच भरवशावर चालतो. करारावर मतदान असते तर निदान त्यांचा विषय सभेत निघाला असता.

लोकेच्छा हा शब्द सीमाभागाला नवा नाही. आमच्याविषयीचा निर्णय आम्हाला विचारून घ्या, हे आपण गेली कित्येक वर्षे सांगत आलो. मग हेच तत्त्व आपल्या घरच्या संघटनांना लागू का नसावे? कागद मराठीत द्या, आठ दिवस वाचू द्या, केंद्रशाळेत पेटी ठेवा आणि मग सही करा. याला फार खर्च येत नाही.

पालकहो, पुढच्या वेळी पगारवाढीची बातमी आली की गुरुजींना आणि बाईंना पेढे मागण्याआधी एवढेच विचारा, ‘तुम्ही कशाकशाला हो म्हणालात?’ उत्तर देता आले नाही, तर दोष त्यांच्या एकट्यांचा नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवा.