ध्वनिक्षेपकाचे धनी

१९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेतील लास व्हेगास येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी इच्छुकांची जी जाहीर वादसभा झाली, तिचा दाखला ‘पैशापुढे लोकशाही हरत नाही’ हे पटविण्यासाठी आजही दिला जातो. न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग त्या रात्री प्रथमच प्रतिस्पर्ध्यांसमोर उभे राहिले आणि सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी पहिल्या काही मिनिटांतच त्यांना चारी मुंड्या चीत केले. सुमारे दोन कोटी लोकांनी तो प्रसंग दूरचित्रवाणीवर पाहिला. पुढे चौदा दिवसांनी, ४ मार्च रोजी, ब्लूमबर्ग यांनी माघार घेतली. एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम खर्चून त्यांच्या पदरी विजय पडला तो केवळ अमेरिकन सामोआ या पॅसिफिक महासागरातील चिमुकल्या बेटसमूहात. एवढ्यावरून निष्कर्ष निघाला : अमेरिकेत निवडणूक विकत घेता येत नाही.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. आणि तो समाधान देणारा असल्यामुळे अधिकच घातक आहे.

वादसभेवरील प्रतिक्रिया कुस्तीच्या फडावरच्या आरोळ्यांसारख्या होत्या. कोणी कोणाला लोळविले, कोणाचा घाम फुटला, कोणाचा डाव फसला, याचीच चर्चा रंगली. वॉरन यांचे यश कोणी नाकारू नये. ब्लूमबर्ग यांच्या कंपनीशी झालेल्या करारांमुळे ज्या स्त्रियांची तोंडे बंद होती त्यांना मुक्त करा, ही त्यांची मागणी न्याय्य होती. दोनच दिवसांत तीन स्त्रियांपुरती ती ब्लूमबर्ग यांना मान्य करावी लागली. परंतु मल्ल चीत झाला या आनंदात, तो आखाड्यात आला कोणत्या वाटेने, हा प्रश्न मागे पडला.

ती वाट पक्षानेच करून दिली होती. तोपर्यंत वादसभेत स्थान मिळविण्यासाठी दोन अटी होत्या : जनमत-चाचण्यांत ठराविक टक्केवारी आणि ठराविक संख्येने सामान्य देणगीदार. डिसेंबर २०१९ मध्ये सिनेटर कोरी बुकर यांनी इतर उमेदवारांच्या पाठिंब्याने निकष शिथिल करण्याची विनंती केली. देणगीदारांची अट बुकर यांनी पूर्ण केली होती. चाचण्यांत ते कमी पडत होते. राष्ट्रीय समितीने ती विनंती फेटाळली. मात्र ३१ जानेवारी २०२० रोजी याच समितीने लास व्हेगासच्या वादसभेसाठी देणगीदारांची अट काढून टाकली. ब्लूमबर्ग कोणाकडूनही देणगी घेत नव्हते. ती अट राहिली असती तर त्यांना व्यासपीठावर पाऊल ठेवता आले नसते.

समितीने कारण दिले ते असे, की आता प्रत्यक्ष मतदान सुरू होत आहे, तेव्हा जनाधार मोजण्यासाठी देणगीदारांची गणती नको. कारण ऐकायला गोड आहे. पण ब्लूमबर्ग तर पहिल्या चारही राज्यांत निवडणूक लढवीत नव्हते! ज्या नेवाडा राज्यात ही वादसभा भरली तेथेही त्यांचे नाव मतदारांपुढे नव्हते. शिवाय टिकविलेली अट कोणती आणि काढलेली कोणती, हे पाहावे. चाचण्यांतील टक्केवारी जाहिरातींच्या भडिमाराने वाढविता येते, आणि ब्लूमबर्ग यांनी ती तशीच वाढविली होती. पाच-दहा डॉलर देणारे लाखो सामान्य लोक मात्र दारोदार जाऊन, संघटना बांधूनच मिळतात. पैशाने भागणारी अट राहिली. माणसे लागणारी अट गेली.

ही रीत नवी नव्हती. २३ फेब्रुवारी १९८० रोजी न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआ गावी रिपब्लिकन पक्षाच्या वादसभेत रोनाल्ड रेगन आणि जॉर्ज बुश हे दोघेच बोलणार होते. एका स्थानिक वृत्तपत्राने दोघांपुरत्याच सभेचा खर्च करणे नियमात बसेना, म्हणून खर्च रेगन यांच्या प्रचारयंत्रणेने उचलला. ऐनवेळी वगळलेले चार उमेदवार मंचावर आले, गोंधळ उडाला, सूत्रसंचालकाने रेगन यांचा ध्वनिक्षेपक बंद करण्यास सांगितले. तेव्हा ‘या ध्वनिक्षेपकाचे पैसे मी भरतो आहे,’ असे रेगन कडाडले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. तीन दिवसांनी ते राज्य त्यांनी मोठ्या फरकाने जिंकले. चौघांना मात्र बोलायला न मिळताच मंच सोडावा लागला. त्याच वर्षी हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संघटनेने रेगन यांना पाठिंबा दिला. ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या त्यांच्या ११ हजारांहून अधिक सभासदांना अध्यक्ष रेगन यांनी बडतर्फ केले. मालकी हक्काच्या घोषणेला टाळ्या वाजविणाऱ्यांनी त्या घोषणेचा अर्थ वेळीच समजून घ्यावा, एवढाच या इतिहासाचा धडा.

लास व्हेगासला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अखेरीस विचारला गेला. पक्षाच्या अधिवेशनात कोणालाच स्पष्ट बहुमत नसेल, तर सर्वाधिक प्रतिनिधी मिळविणाऱ्यालाच उमेदवारी मिळावी काय? सहांपैकी एकट्या बर्नी सँडर्स यांनी होकार दिला. उरलेल्या पाचांनी नियमांवर हवाला ठेवला. आणि त्या नियमांनुसार दुसऱ्या फेरीत पदसिद्ध प्रतिनिधींना, म्हणजे पक्षातील पुढाऱ्यांना, मताधिकार मिळणार होता. २०१६ मध्ये मागे पडलेल्या सँडर्स यांनी स्वतःच याच पदसिद्ध प्रतिनिधींना साकडे घातले होते, हा आक्षेप खरा आहे. त्याने सँडर्स यांची विसंगती सिद्ध होते, नियमाची योग्यता नाही. तासाभरापूर्वी अब्जाधीशावर तुटून पडणाऱ्या वॉरनही या प्रश्नावर त्याच अब्जाधीशाच्या बाजूला उभ्या होत्या. याची चर्चा त्या झटापटीच्या शतांशानेही झाली नाही.

लास व्हेगासच्या कामगारांची प्रतिक्रिया निराळी होती. तेथील हॉटेलांतील स्वयंपाकी, वाढपी व खोल्या साफ करणाऱ्या स्त्रिया यांच्या सुमारे ६० हजार सभासदांच्या संघटनेच्या नेतृत्वाने सँडर्स यांच्या सार्वत्रिक आरोग्यविमा योजनेविरुद्ध पत्रके वाटली होती. लढून मिळविलेला संघटनेचा विमा त्या योजनेत जाईल, ही भीती होती. ती भीती हास्यास्पद नव्हती. तरीही २२ फेब्रुवारीच्या पक्षसभांत, हॉटेलांतच भरलेल्या अनेक केंद्रांवर, कामगारांनी सँडर्स यांना कौल दिला. नेवाडा त्यांनी जिंकले ते वादसभेतील टोल्यांनी नव्हे. स्पॅनिशभाषक वस्त्यांत महिनोन्‌महिने केलेल्या कामाचे ते फळ होते.

पुढे २९ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलिनाने जो बायडेन यांना भरघोस मते दिली, मध्यममार्गी प्रतिस्पर्धी दोन दिवसांत त्यांच्यामागे उभे राहिले आणि ८ एप्रिलला सँडर्स यांनी माघार घेतली. याला नुसते कारस्थान म्हणून मोकळे होणाऱ्यांनी दक्षिण कॅरोलिनातील कृष्णवर्णीय मतदारांचा अपमान करू नये. त्यांचा कौल खरा होता आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यात सँडर्स कमी पडले होते. तेथे कमतरता संघटनेची होती. ती वादसभा जिंकून भरून निघणारी नव्हती.

एक धनिक हरला म्हणजे धनसत्ता हरली, असे होत नाही. ब्लूमबर्ग घरी गेले. त्यांच्यासाठी नियम बदलू शकणारी पक्षयंत्रणा जागीच राहिली. म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने कोणत्याही वादसभेनंतर ‘कोण जिंकले?’ या प्रश्नाआधी तीन प्रश्न विचारावेत : बोलणाऱ्यांची निवड कोणी केली? खर्च कोणी केला? आणि ज्यांच्या पोटापाण्याविषयी बोलणे झाले, त्यांना बोलावण्यात आले होते काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत टाळ्या राखून ठेवाव्यात आणि वस्तीत कामाला लागावे.