सीईटीचे गणित सर्वांना कळू द्या

एमबीएच्या सीईटीचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न असतो, ‘किती पडले?’ ‘पंच्याऐंशी’ ऐकून दहावी-बारावीच्या सवयीने आनंद होतो. पण हे पंच्याऐंशी पर्सेंटाइल असतात. लाखभर परीक्षार्थी धरले, तर त्यांतले सुमारे पंधरा हजार या मुलाच्या पुढे आहेत. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतले प्रवेश ९९च्या पुढे, दशांशांच्या फरकाने ठरतात. ही गोष्ट घरच्यांना प्रवेशफेरीच्या तोंडावर कळावी, याला काय म्हणावे?

राज्याच्या या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. त्यातले १०० प्रश्न तर्कशक्ती आणि आकृत्यांवरचे, बाकीचे गणित व इंग्रजीचे. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला दंड नाही. पाच पर्यायांपैकी कोणताही डोळे मिटून निवडला, तरी ४० प्रश्नांमागे सरासरी आठ गुण हाती लागतात. शहरातल्या क्लासचा मुलगा शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांवर खूण करून मोकळा होतो. ‘येत नसेल ते सोडून द्या’ हा शाळेतला संस्कार प्रामाणिकपणे पाळणारी तालुक्याची मुलगी मात्र ४० प्रश्न कोरे ठेवते. दोघांची तयारी सारखी असली, तरी यादीत ती शेकडो क्रमांक मागे पडते. हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

आयआयएमच्या कॅटचा हिशेब उलटा. तिथे बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्नातल्या चुकीला एक वजा. चार पर्यायांतून अंदाजपंचे ठोकल्यास सरासरी हाती शून्य. एक पर्याय खात्रीने खोडता आला, तरच अंदाज फायद्याचा. शिवाय तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे बांधून दिलेली. इंग्रजीत वाचलेला वेळ गणिताला वापरता येत नाही. तिथे एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास असणारेही ९९ पर्सेंटाइलपर्यंत जातात. दोन्ही परीक्षांना एकच डावपेच घेऊन बसणारा कुठे तरी फसतोच.

सीईटीत भर म्हणून सत्रांचा घोळ. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी. त्यामुळे मुलांची तुलना आधी त्यांच्याच सत्रातल्या मुलांशी केली जाते. अवघड सत्रातले ११० गुण सोप्या सत्रातल्या ११८ गुणांच्या वर जाऊ शकतात. पद्धत तर्कशुद्ध आहे, पण समजावून न सांगितल्यास ‘घोटाळा झाला’ हीच कुजबुज उठते, आणि परीक्षेवरचा विश्वास असाच झिजतो.

हे सारे नियम माहितीपुस्तिकेत असतात, हे खरे. पण ती भाषा बी.कॉम.च्या मुलालाही पहिल्या वाचनात उमगत नाही, त्याच्या वडिलांना तर नाहीच. जे क्लासवाले पैसे घेऊन सांगतात, ते सीईटी कक्षाने फुकट सांगावे. अर्ज भरतानाच चार पानांची मराठी पत्रिका द्यावी. तिच्यात दोन सत्रांचे गुण घेऊन पर्सेंटाइल काढून दाखवावे. चुकीला गुण कापले जात नाहीत, हे वाक्य पहिल्या पानावर ठळक छापावे. निकालपत्रावर मिळालेले गुण आणि सत्रातले स्थान शेजारी-शेजारी असावे. आणि पुढच्या परीक्षेआधी प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयात या विषयावर एक तास घ्यावा. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही.