शरदांतील शिवणकाम आणि उसनी कृतज्ञता

आश्विन लागला, पावसानें पाठ फिरविली, शाळांच्या सहामाही परीक्षा आटोपत आल्या, म्हणजे शहरांतील सुशिक्षित घरांत हल्लीं एक नवेंच व्रत सुरू होतें. कपाटावरचें शिवणयंत्र खालीं उतरतें. दिवाळीसाठीं आई, बाप आणि मुलें अशा सर्वांचे एकाच ताग्यांतले कपडे बेतले जातात. उशांचे अभ्रे, तोरणें, पिशव्या यांची रास पडते. सुटी लागली कीं ते कपडे घालून कुटुंब सहलीस निघतें आणि तेथें छायाचित्रें काढतें. रात्रीं निजण्यापूर्वीं मुलांपुढें एक वही येते. तिच्यांत आज आपण ज्यांच्याबद्दल कृतज्ञ आहोंत अशा तीन गोष्टी लिहावयाच्या असतात. पाऊस, आजी, आइस्क्रीम. हात कामांत, कुटुंब एकत्र, मन समाधानी. यांत नांवें ठेवण्यासारखें काय आहे, असें कोणीही विचारील. आमच्या मतें पुष्कळ आहे. आणि शिवणकाम घरांत राहिलें पाहिजे असें मानणाऱ्यांनींच तें बोलून दाखविणें बरें, कारण सुईचा कंटाळा असणाऱ्यांच्या तोंडीं तें शोभणार नाहीं.

प्रथम ती वही. ‘कृतज्ञ’ हा शब्द आपला अर्थ उघडा घेऊन फिरतो. कृत म्हणजे केलेलें आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. कोणी तरी कांहीं तरी केलें आणि तें मी जाणतों, इतकेंच त्यांत आहे. प्रसन्न वाटणें, तृप्त वाटणें, झोप चांगली लागणें हें त्यांत कोठेंही नाहीं. करणारा पाहिजे, त्याचें कृत्य पाहिजे आणि तें कृत्य ओळखण्याइतकें ज्ञान पाहिजे. यांतील एक पाय मोडला कीं शब्द उभा राहत नाहीं. पावसाचा कर्ता परमेश्वर मानला तर तेवढी ओळ चालून जाईल, आजीविषयीं तर प्रश्नच नाहीं. पण आइस्क्रीम लिहिणाऱ्या मुलास दूध कोणी काढलें, साखरेचा ऊंस कोणी तोडला हें ठाऊक नसतें आणि वहीही तें विचारीत नाहीं. ती विचारते, आज तुला काय आवडलें? ही आवडीनिवडीची यादी झाली. तिला कृतज्ञता म्हणणें म्हणजे वाण्याच्या यादीला उधारीची वही म्हणण्यासारखें आहे.

शरदांत सहकुटुंब आभार मानण्याची ही तऱ्हा अमेरिकेंतून आली, म्हणून ती टाकाऊ असें आमचें म्हणणें नाहीं. चांगली वस्तु कोठूनही घ्यावी. पण घेतांना तिचा इतिहासही घ्यावा. अमेरिकेंतील ‘थँक्सगिव्हिंग’ हा राष्ट्रीय सण व्हावा म्हणून वर्षानुवर्षें लेखणी झिजविली ती सारा जोसेफा हेल या बाईंनीं. आपल्या इंग्रजी शाळांतील बालकें ज्या मेरीच्या कोकराचें गाणें म्हणतात, तें याच बाईंचें. ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकाच्या त्या १८३७ पासून १८७७ पर्यंत संपादिका होत्या. पोशाखांचीं रंगीत चित्रें, शिवणकामाचे नमुने, घर नीटनेटकें ठेवण्याच्या सूचना हा त्या मासिकाचा मसाला. शिवण आणि शरदांतील आभार यांची गांठ तेथेंच पडलेली आहे. अखेर अध्यक्ष लिंकन यांनीं ३ ऑक्टोबर १८६३ रोजीं घोषणा करून नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभाराचा दिवस ठरविला.

आतां तें साल पाहा. देशांत यादवी युद्ध पेटलेलें, भाऊ भावास मारीत आहे. आणि या मासिकांत मात्र राजकारणाचा स्पर्श नको म्हणून त्या युद्धाचें नांवही येऊं देत नसत. हजारो घरीं सुई चालली होती, पण सुईखालच्या कापडाचा कापूस कोणी वेचला हा प्रश्न वर्ज्य होता, कारण त्याचें उत्तर ‘गुलामांनीं’ असें होतें. युद्धानें तो कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि त्याच वर्षांत आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचे भाव आकाशास भिडले. मुंबईंत पैशाचा पूर आला, शेअरांचें वेड माजलें, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो डोलारा कोसळून भलींभलीं घराणीं धुळीस मिळालीं. एका खंडांतील आभाराचें ताट आणि दुसऱ्या खंडांतील शेतकऱ्याचें शेत हीं एकाच सुतानें बांधलेलीं होतीं. सूत मात्र कोणाच्या हातीं लागत नव्हतें. आभार मानण्यांत मंडळी प्रामाणिक होती यांत आम्हांस शंका नाहीं. केलेलें जाणण्याची तेवढी त्यांची तयारी नव्हती.

आपल्याकडे काय आहे? वऱ्हाडांत कपाशीच्या पहिल्या वेचणीपूर्वीं शेतांत दहीभाताचा नैवेद्य दाखवून ‘सीतादही’ करण्याची चाल आहे. खंडेनवमीस कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतो. शिंपी यंत्रावर झेंडूचें फूल वाहतो, कातरीला हळदकुंकू लावतो. ज्यानें ज्या वस्तूवर वर्षभर पोट भरलें, त्यानें तिच्यापुढें हात जोडावे, यांत शब्द आणि अर्थ जुळतात. पांढरपेशा घरांत मात्र त्या दिवशीं मोटारीला हार घातला जातो, शिवणयंत्र असलेंच तर त्यास एक पाकळी मिळते, आणि ती वाहणाऱ्या मुलास त्या यंत्रांत दोरा कसा ओवतात हें माहीत नसतें. तेव्हां अमेरिकेस हंसण्याचें आपणांस कारण नाहीं.

येथें व्यवहारी गृहस्थ पुढें येतात. त्यांचें म्हणणें, बाजारांत सदरा इतका स्वस्त असतां घरीं कशाला शिवावयाचा? वेळेचीही किंमत असते. या प्रश्नास आमचें उत्तर असें, कीं सदरा इतका स्वस्त कां, हें एकदां तरी मुलांस कळावें म्हणून. २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळ साभार येथें राणा प्लाझा नांवाची आठमजली इमारत कोसळली. तींत परदेशच्या दुकानांसाठीं कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशीं भिंतींस भेगा पडलेल्या दिसल्या होत्या, तरी कामकऱ्यांस पुन्हां आंत बोलावण्यांत आलें. १,१३४ माणसें मेलीं, त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया. हा आंकडा मुलांस सांगितला तर तीं ऐकतात आणि विसरतात, आपणही विसरलोंच. तोच आंकडा सांगण्याआधीं मुलाकडून एक काज करून घ्यावें. कापडावर खूण करावी, चीर नेमकी पाडावी, मग कापलेल्या कडेवर एकास एक लागून टांके घालीत, प्रत्येक टांक्यास कडेवरच गांठ बसवीत, टोंकाशीं वळून परत यावें. टांका लांब पडला कीं काज तोंड वासतें. ओढला कीं सुरकुततें. चीर तिळभर मोठी झाली कीं बटण रात्रंदिवस निसटतें. दहा वर्षांच्या मुलाचा अर्धा तास जातो, बोट दोनदां टोंचतें, आणि काज उसवावें लागतें. सदऱ्यास अशीं सहासात काजें असतात. नंतर त्या मुलाच्या हातीं बाजारचा सदरा द्यावा आणि तो काय पाहतो तें पाहावें. तो किंमत पाहणार नाहीं. तो आधीं काजें पाहील. दुकानांत तीं यंत्रानें होतात हें खरें. पण यंत्राखालीं कापड सरकविणारा हात आहे, आणि मुलास आतां हात म्हणजे काय हें समजलें आहे.

गोधडीचें तसेंच. जुनीं लुगडीं, विरलेलीं धोतरें एकावर एक पसरावीं, कडा आंत दुमडाव्या, आणि कांठापासून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळी घालीत जावें. चार बायका चार बाजूंनीं बसल्या तर दुपारच्या गप्पांत अर्धें काम होतें. तिच्यांत शोभा आहे, पण ती शोभेसाठीं केलेली नसते. हें ठिगळ आजोबांच्या सदऱ्याचें, हा कांठ मावशीच्या लग्नांतल्या शालूचा, असें अंगावर घेणारा ओळखतो. ज्यांच्या अंगावरून ती वस्त्रें उतरलीं आणि ज्यांनीं तीं जोडलीं, त्या सर्वांचीं नांवें त्यास पाठ असतात. या घरांत आणखी वही कशास पाहिजे? आणि नवें कापड दुकानांतून आणून, त्याचे मुद्दाम तुकडे करून, ‘जुन्या वळणाची गोधडी’ शिवणाऱ्यांविषयीं काय बोलावें?

यंत्रानें काम हलकें केलें हें आम्ही नाकारीत नाहीं. १८६० च्या सुमारास एका अमेरिकन यंत्रकंपनीनें हिशेब मांडला होता, कीं पुरुषाचा सदरा हातानें शिवण्यास चौदा तासांहून अधिक लागतात आणि यंत्रावर सुमारें सव्वा तास. यंत्रांचे शत्रु समजले जाणारे गांधीजी, त्यांनींही १९२४ सालीं एका संभाषणांत सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहवले नाहींत म्हणून सिंगरनें तें प्रेमानें बनविलें, अशी त्यांची समजूत होती. इतिहास इतका गोड नाहीं. आयझॅक सिंगर हा एकाच वेळीं अनेक संसार थाटणारा गृहस्थ, आणि यंत्रामागची त्याची प्रेरणा पैशाचीच होती. तरीही गांधीजींचा प्रश्न बरोबर होता: वांचलेला वेळ कोणाचा? आमच्या घराघरांत पाहिलें तर तो आईच्या वांट्यास आलाच नाहीं. सदरा सव्वा तासांत होतो म्हटल्यावर एकाच्या जागीं चार सदरे, शिवाय तोरण, शिवाय शेजारणीस भेट द्यावयाची पिशवी. दिवाळीच्या आदल्या रात्रीं बारापर्यंत यंत्र खडखडतें, मुलें निजलेलीं असतात, आणि बाप सकाळच्या छायाचित्रासाठीं मोबाइलला वीज पाजीत असतो. मुलांनीं यंत्रास हात लावलेला चालत नाहीं, टीप वांकडी येईल आणि चित्रांत दिसेल. असें शिवणकाम घरीं झालें काय आणि कारखान्यांत झालें काय! शिवणारी एक, घालणारे चार. फरक एवढाच, कीं येथें मजुरीही नाहीं.

आणि मुलगे? नामदेवराय जातीचे शिंपी. त्यांचे अभंग आम्ही टाळ घेऊन म्हणतों, पण आमच्या मुलाच्या हातीं सुई दिसली तर घरांतल्या वडीलधाऱ्यांस चमत्कारिक वाटतें. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढलें, तेथें शिवणकामाच्या वर्गांनीं कितीतरी निराधार स्त्रियांस स्वतःच्या पायांवर उभें केलें. त्यांच्या दृष्टीनें ती विद्या होती. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली; हस्तव्यवसायांतून सर्व शिक्षण द्यावें, मुलगा-मुलगी हा भेद न करतां द्यावें, असा तिचा रोख. परिषदेचे ठराव शाळांच्या फडताळांत राहिले. शाळेनें जें सोडलें तें घरानें उचलावें, आणि दिवाळीची सुटी त्यास पुरेशी आहे. वांकडी टीप येऊं द्यावी. तीच टीप घालून मुलानें पाडव्याच्या दिवशीं मिरवावें.

राहिली सहल. शरदांत घराबाहेर पडावें ही आपली जुनीच रीत आहे. दसऱ्याचें सीमोल्लंघन म्हणजे शीव ओलांडणें, आणि कार्तिकांतलें आवळीभोजन म्हणजे आवळ्याच्या सांवलींत पंक्ति मांडणें. हल्लीं सीमोल्लंघन आपट्याचीं झाडें ओरबाडण्यापुरतें उरलें आहे. आणि कास पठारावरचीं इवलालीं फुलें पाहावयास गेलेलीं एकरंगी कुटुंबें छायाचित्राच्या नादांत तींच फुलें तुडवितात. आमची सूचना साधी आहे. एक सहल कापडाच्या मागानें काढावी. वऱ्हाडांत आप्त असतील त्यांनीं वेचणीच्या दिवसांत शेतावर जावें आणि मुलांनीं एक ओटी कापूस वेचून पाहावा. बोंडाच्या वाळल्या पाकळ्यांचीं टोकें नखांत कशीं शिरतात तें कळेल. दक्षिणेकडच्यांस इचलकरंजी जवळ आहे. १९०४ सालीं तेथें पहिला यंत्रमाग आला आणि गांवाचें रूप पालटलें. मागांच्या खोलींत दहा मिनिटें उभें राहिलें कीं बाहेर आल्यावरही कानांत तो आवाज घुमत राहतो; आंत माणसें पाळीभर उभीं असतात.

इतकें लांब जाणें ज्यांस साधत नाहीं, त्यांनीं दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत मुलांस घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जावें. मागच्या फळीवर काजेंबटणें करीत कोणी बसलेलें असतें, पुष्कळदां नगावर पैसे घेणारी एखादी बाई. एका नगाचे किती पडतात, हें मुलांनीं तिलाच विचारावें. मग मुलांच्या देखत शिलाई विचारून, घासाघीस न करतां, तेथल्या तेथें द्यावी. ज्या घरांत रोज रात्रीं कृतज्ञतेच्या तीन तीन ओळी लिहिल्या जातात, अशा एका घराकडून तीन झग्यांची शिलाई भाऊबीज उलटून पंधरा दिवस झाले तरी येणें आहे, असें आमच्या ओळखीच्या एका शिंप्यानें सांगितलें. झगे मात्र पाडव्याच्या छायाचित्रांत होते. त्यानें ते ओळखले.