दगडाला माफ, कागदाला?

परवाच्या रविवारी सगळं जग लोणावळ्याला धावत असताना आम्ही दोघी एक स्टेशन आधीच, मळवलीला उतरलो. मी आणि अनू. अनू सोमवार ते शुक्रवार ऑफिसात एक्सेल शीट भरते आणि वीकेंडला फोटो काढते. ब्लॅक अँड व्हाइट, बहुतेक न्यूड. दचकलात ना? तिचे प्रिंटरकाकाही दचकले. तिला या फोटोंचं छोटंसं मासिक काढायचंय, मोजून दोनशे प्रती, स्वतःच्या पैशांनी. काकांनी डमी चाळली आणि 'हे आमच्याकडे नको' म्हणून परत दिली. (रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून हलला तो याच मळवलीला! १९७२ मध्ये आगीत गेला.)

कार्ल्याच्या पायऱ्या चढून वर गेलो. चैत्याच्या दारांशी दगडात कोरलेली जोडपी उभी आहेत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. अंगावर दागिने भरपूर, कपडे नावापुरते. साधारण दोन हजार वर्षं झाली. शेजारी एकवीरेच्या दर्शनाची रांग. आज्या, नातवंडं, नवी नवरी. कुणी डोळे झाकत नाही.

कायदासुद्धा झाकत नाही. अश्लीलतेच्या कलमातून प्राचीन स्मारकं आणि देवळं वगळलेली आहेत. आधी भारतीय दंड संहितेत २९२, आता न्याय संहितेत २९४, सूट तीच. कागदाला मात्र कोर्टाची पायरी चढावी लागते. टेनिसवाला बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांचा न्यूड फोटो १९९३ मध्ये आपल्याकडच्या एका क्रीडा मासिकात छापून आला. काढला होता मुलीच्याच वडिलांनी! केस संपायला २०१४ उजाडलं. नुसतं नग्न आहे म्हणून चित्र अश्लील ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं.

आणि मराठीत? इंडी मॅगझिन हा शब्दही नसताना र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. संततिनियमनावर लेख, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं आणि मुखपृष्ठावर चक्क विवस्त्र स्त्रीचं चित्र. खटले झाले, दंड झाला. एका खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी ते हरलेच. पण अंक थांबला नाही. १९५३ मध्ये कर्वे गेले तेव्हाच थांबला.

'बघ, म्हणजे मी काढायलाच हवं,' अनू म्हणाली. मला इतकं सोपं वाटत नाही. कर्व्यांनी जोखीम घेतली ती स्वतःची. अनूच्या फोटोतली मुलगी हिंजवडीत नोकरी करते. कार्ल्याच्या बाईला एचआर नाही, सोसायटीचा वॉचमन नाही, स्क्रीनशॉट फॉरवर्ड करणारा मावसभाऊ नाही. हिला सगळे आहेत. दोनशे प्रतींतली एक स्कॅन झाली की ती परत कपाटात जात नाही.

परतीच्या लोकलमध्ये अनूने तिला फोन लावला. मुलगी म्हणाली, 'बाकी सगळे छाप गं, पण पान सातवरचा नको. त्यात चेहरा आहे.' सातवरचा फोटो अनूचा सगळ्यात लाडका. देहूरोड येईपर्यंत ती काहीच बोलली नाही. मग पेन काढलं आणि डमीतल्या पान सातवर फुली मारली.